क्वेकचा क्वॅक

ग्राफिक्स कार्ड घ्यायची ऐपत नव्हती तेव्हाही आम्हा मित्रांना त्यांचे आकडे तोंडपाठ असायचे. कुठलं कार्ड सेकंदाला किती फ्रेम दाखवतं, यावर तासन्‌तास वाद! ते आकडे खरे असतील का, ही शंका मात्र कुणालाच आली नाही.

शंका आणली ती एका छोट्याशा युक्तीने. ऑक्टोबर २००१. एटीआय या कॅनडाच्या कंपनीचं (२००६ साली ती एएमडीने विकत घेतली) रेडिऑन ८५०० हे कार्ड नवंनवं होतं. कार्डाची परीक्षा घ्यायची तर 'क्वेक ३' या गेमवर, असा तेव्हाचा रिवाज. हार्डओसीपी या संकेतस्थळाच्या मंडळींनी गेमच्या फाइलच्या नावातलं 'क्वेक' बदलून 'क्वॅक' केलं. बस्स, एवढंच. गेम तोच, कार्ड तेच. पण वेग खाली आला आणि चित्रं जास्त रेखीव दिसू लागली! म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर फाइलचं नाव बघत होता. क्वेक दिसला की चित्रांचा दर्जा उतरवायचा आणि वेग चढवायचा.

पुढची पाळी एनव्हिडियाची. २००३ साली फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीची थ्रीडीमार्क०३ ही चाचणी आली. त्यात कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. मग जे त्या वाटेवरून दिसणारच नाही, ते काढायचे कष्ट कशाला? ड्रायव्हरने ते गाळलं. कॅमेरा वाटेबाहेर नेल्यावर ही लबाडी उघडी पडली. मे महिन्यात फ्यूचरमार्कने चाचणीत दुरुस्ती केली, तर जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४ टक्क्यांनी घसरले. एटीआयच्या रेडिऑन ९८०० प्रोचेही सुमारे २ टक्के गेले. आमच्याकडे याला पेपर फुटणं म्हणतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. जूनच्या सुरुवातीला फ्यूचरमार्क आणि एनव्हिडियाचं संयुक्त निवेदन आलं. ही फसवणूक नव्हे, विशिष्ट प्रोग्रामसाठी केलेली सुधारणा आहे! विद्यार्थ्यापुढे परीक्षकानेच शब्द गिळले.

एक मान्य करायला हवं. एखाद्या गेमसाठी ड्रायव्हर खास घडवणं यात मुळात वाईट काही नाही. आजही मोठा गेम आला की त्याच्यासाठी ड्रायव्हर येतो आणि आपण तो आनंदाने उतरवून घेतो. त्या मेहनतीचा फायदा खेळणाऱ्याला मिळतो. चाचणीसाठी केलेल्या करामतीचा फायदा मात्र फक्त विकणाऱ्याला. चाचणी घरी कोण खेळत बसतं?

दुकानात आपण स्वतः निवड करतो असं आपल्याला वाटतं. पण ज्या तक्त्यावर बोट ठेवून निवडतो, तो तक्ता जर विकणाऱ्यानेच रंगवलेला असेल, तर ती निवड आपली किती?

असो. हल्ली कुठेही पहिल्या नंबरचा आकडा दिसला की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. फाइलचं नाव बदलून पाहिलं का?