संरक्षण अधिकारी
कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 अन्वये पीडित स्त्री व न्यायालय यांना जोडणारा शासकीय अधिकारी. पालघर जिल्ह्यातील सफाळ्यासारख्या गावची स्त्री तक्रार घेऊन आली, की तो कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे छळाची विहित नमुन्यातील नोंद, करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो आणि उपचार, निवारा व मोफत विधिसाहाय्य मिळवून देण्यास मदत करतो. या साहाय्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. घर सासऱ्याच्या नावावर असले, तरी ती जेथे नांदली तेथे राहण्याचा हक्क कलम 17 देते, आणि ही तरतूद सर्वांत मोलाची आहे, कारण बेघर होण्याच्या धास्तीनेच अनेकजणी गप्प राहतात. तातडीच्या मदतीसाठी 181 व 112 हे दूरध्वनी क्रमांक आहेत.