कंपनीचा मुक्काम

मराठी नाटकाचा इतिहास सांगताना पुण्या-मुंबईच्या पहिल्या प्रयोगांच्या तारखा सांगितल्या जातात. मला मात्र तो मुक्कामांचा इतिहास वाटतो. नाटक कंपनी जगायची ती गावोगावच्या मुक्कामांवर, आणि त्यात सोलापूरसारखं गाव फार मोलाचं.

सोलापुरात रेल्वे १८६० साली आली. पुढे होटगीवरून विजापूर-गदगकडे मार्ग निघाला आणि पुणे, हैदराबाद, हुबळी या तिन्ही वाटा इथे जुळल्या. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली; मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. पगाराच्या दिवशी हजारो लोकांच्या हातात रोख पैसा यायचा. हुबळी-धारवाडकडे मराठी नाटकाचा मोठा प्रेक्षक होता. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श तर १९०८ साली हुबळीतच निघाली. तिकडे जाता-येता कंपन्यांना सोलापूर वाटेवरचं पडायचं.

माझ्या आजीचे वडील जुन्या मिलमध्ये जॉबर. कंपनी आली की स्टेशनावरून बैलगाड्यांची रांग निघायची, असं ती सांगे. बांबूंना गुंडाळलेले रंगवलेले पडदे, पत्र्याच्या ट्रंका, पायपेटी, आचाऱ्याची भांडीकुंडी. मुक्काम काही आठवड्यांचा, त्यामुळे स्वयंपाकघरही कंपनीचंच. पहाटे बिऱ्हाडातून पोरांची गाण्याची तालीम ऐकू यायची. बायकांची बसायची जागा वेगळी. तिथे लेकुरवाळ्या बायका कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेऊन यायच्या, कारण वन्समोअर घेत घेत खेळ पहाटेपर्यंत चालायचा. पुरुषमंडळी थिएटरातून उठून सरळ भोंग्याला मिलच्या दारात हजर. ‘सौभद्र’ पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी आजीने सुभद्रेला मंडईत वांगी निवडताना पाहिलं. डोक्यावर टोपी, टोपीखाली बांधलेले लांब केस. ही कालची सुभद्रा, असं आईने सांगितलं तरी तिला ते पटेना. म्हातारपणीही हे सांगताना तिचा चेहरा त्या लहान मुलीसारखा व्हायचा.

मी हे सगळं फक्त ऐकलेलं. माझ्या वाट्याला कंपनीचा मुक्काम आला तो मँचेस्टरमध्ये. २०१६ च्या सप्टेंबरअखेरीस मी मुलीकडे होते आणि पॅलेस थिएटरमध्ये इंग्लिश नॅशनल बॅले ही कंपनी आली होती. मंडळी लंडनची, पण १९५० साली निघाल्यापासून फिरती हा तिचा धर्म. मुलगी, जावई, नात आणि मी, चौघं गेलो. खेळ होता ‘जिझेल’. मूळ बॅले पॅरिसचा, १८४१ सालचा, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’च्या दोन वर्षं आधीचा. अक्रम खान या नृत्यकाराने तो नव्याने बसवला होता. हा बांगलादेशी आईबापांचा, लंडनमध्ये वाढलेला मुलगा. कथक शिकला प्रताप पवारांकडे. त्याने नव्या खेळाचा पहिला प्रयोगही मँचेस्टरलाच केला. कापडगिरण्यांच्या गावात तो मान आला याचं मला फार अप्रूप वाटलं.

कारण त्याची जिझेल आता खेड्यातली पोर राहिलेली नाही. ती कपड्यांच्या कारखान्यातून बाहेर काढलेल्या परगावच्या कामगारांतली आहे. रंगमंचभर एक प्रचंड भिंत, आणि सगळे कामगार तिला हात लावून रेटताहेत. संगीतात मध्येच यंत्रांचा खडखडाट. दुसऱ्या अंकात मेलेल्या कामगार बायकांची भुतं येतात, मोकळ्या केसांची, पायाच्या बोटांच्या टोकांवर तोललेली, हातात लांब काठ्या. अख्ख्या खेळात शब्द एकही नाही.

नातीने कानाशी विचारलं, “आजी, कुणी बोलत का नाही गं?” मला माझे वडील आठवले. ते लक्ष्मी मिलच्या साचेखात्यात होते. तिथल्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून सगळा कारभार खुणांनी. घरीसुद्धा चहा हवा असला तर ते तळहात आडवा धरून अंगठा ओठाकडे नेत. मी नातीला ती खूण करून दाखवली. मध्यंतरात ती खूण करूनच तिने आईकडे पाणी मागितलं.

आपल्याकडची फिरती मोडली ती बोलपटाने. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला. पत्र्याच्या डब्यातून येणाऱ्या फिल्मला बिऱ्हाड लागत नाही की आचारी. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले. तिकिटांच्या गल्ल्यावर आणि सावकाराच्या कर्जावर चालणाऱ्या कंपन्यांना दुसरा आधारच नव्हता. इंग्लिश नॅशनल बॅलेच्या फिरतीमागे सरकारी कला परिषदेचा पैसा उभा आहे, हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो. पुढे मिलीही गेल्या. जुनी मिल कधीच, मग लक्ष्मी-विष्णूही.

आता सोलापुरात नाटकं हुतात्मा स्मृती मंदिरात होतात. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या आमच्या गावच्या चौघा हुतात्म्यांच्या नावाचं हे थिएटर. नाटकाची बस दुपारी येते, रात्री पडदा पडला की सामान भरून परत निघते. नटांना शेंगाची चटणी खायलाही सवड नसते. एखाद्या मंडळीने इथे आठवडाभर राहावं, नव्या नाटकाचा पहिला प्रयोग इथेच करावा आणि त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च आम्ही गावकऱ्यांनी आणि महापालिकेने मिळून उचलावा, असं मी भेटेल त्याला सांगत असते.