ओलीचा माग लागेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये

वळवाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार मालावर ताडपत्र्या चढतात. त्याच सुमारास महर्षीनगर, मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क आणि बिबवेवाडी या आसपासच्या भागांतील सदनिकाधारकांना घराच्या भिंतींची आठवण होते. गेल्या दिवाळीत रंगविलेल्या भिंतीवर पुन्हा फुगे आलेले असतात, कोपऱ्यात लोणा लागलेला असतो आणि कपाटामागे बुरशीचा वास येत असतो. मग घाईघाईने पुट्टी व रंग आणला जातो. गोदामात धान्याची पोती थेट जमिनीवर ठेवत नाहीत आणि भिंतीला टेकवूनही रचत नाहीत; ओल सरकत येते, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. घरमालक मात्र तीच ओल रंगाखाली झाकू पाहतो.

आतल्या बाजूने 'वॉटरप्रूफ' रंगाचा थर दिल्याने पाण्याचा मार्ग बंद होत नाही. भिंतीतील पाणी दुसरी वाट शोधते आणि हातभर बाजूला किंवा वरच्या अंगाला डाग उमटतो. म्हणून दुरुस्ती स्वतः करायची असो वा गवंड्याकडून करून घ्यायची असो, पाणी कोठून येते हे आधी निश्चित करणे आवश्यक ठरते. या तपासाला पैसे लागत नाहीत. थोडा धीर लागतो.

पाण्याचा माग

पहिला प्रश्न ओल कधी वाढते, हा. केवळ पावसाळ्यात वाढत असेल, तर संशय गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीवरील छज्जा यांवर जातो. ऐन मे महिन्यातही भिंत ओली राहत असेल, तर पाणी घरातलेच किंवा वरच्या मजल्यावरचे असते. त्यातही नळाच्या दाबाखालील वाहिनी फुटलेली असल्यास ओल चोवीस तास कायम राहते. सांडपाण्याची वाहिनी किंवा मोरीची लादी दोषी असल्यास ती वापरानुसार कमी-जास्त होते. चार दिवस गावी जाताना गच्चीवरील आपल्या सदनिकेचा व्हॉल्व्ह बंद करून जावे व डागाच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी. परतल्यावर डाग आकसलेला दिसला, तर निम्मा उलगडा झाला.

कधी कधी ओल भिंतीतून नव्हे, तर खोलीतील दमट हवेतून आलेली असते. ते ओळखण्यासाठी फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस दव जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस जमले, तर खिडक्या उघडणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवणे, एवढाच उपाय पुरतो.

स्नानगृहाची परीक्षा थोडी कटकटीची. नहाणी ट्रॅपचे तोंड पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने घट्ट बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवावे, पातळीची खूण करावी आणि चोवीस तासांनी खालच्या सदनिकेचे छत पाहावे. त्यासाठी शेजाऱ्यांची संमती लागते. वरच्या व खालच्या मजल्यांत वर्षानुवर्षे चालणारी भांडणे बऱ्याचदा ही एक चाचणी न केल्यामुळेच लांबतात.

हाताने करता येण्याजोगे

पाणी लाद्यांच्या सांध्यांतून जात असल्याचे दिसले, तर ते काम घरच्या घरी होते. जुने भरण टोकदार हत्याराने किमान दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडावे, धूळ ब्रशने काढावी, सांधा पूर्ण वाळू द्यावा आणि मगच नवे ग्राउट दाबून भरावे. पांढरे सिमेंट स्वस्त असले, तरी रोज पाण्याखाली राहणाऱ्या सांध्यात ते फार काळ टिकत नाही. तेथे इपॉक्सी ग्राउट वापरणे हिताचे. नहाणी ट्रॅपच्या कडेची फट आणि भिंत व जमीन यांच्यामधील कोपरा ही सर्वाधिक गळतीची ठिकाणे असल्याने तेथून सुरुवात करावी. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग घालविण्यासाठी दर आठवड्याला ॲसिड ओतण्याची सवय असलेल्या घरांत हे सांधे लवकर पोकळ होतात, कारण ॲसिड डागांबरोबर सिमेंटही खाते. ही सवय सोडली नाही, तर नवे भरणही त्याच वाटेने जाईल.

भिंतीच्या तड्यांबाबत थोडे थांबावे. केसाएवढ्या रेषा गिलावा आकसल्यामुळे येतात व त्या पुट्टीने बुजतात. रुंद तड्याच्या दोन्ही टोकांवर मात्र पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांत तडा खुणेपुढे गेला, तर तो 'जिवंत' आहे असे समजावे. अशा तड्यात सिमेंट भरणे व्यर्थ असते. हालचाल सोसणारा लवचिक सीलंट लागतो आणि हालचालीचे कारण अभियंत्याने पाहावे लागते. बाहेरच्या भिंतीत पिंपळाचे रोप उगवले असेल, तर केवळ पाला खुडून ते मरत नाही. मूळ भिंतीत जाडावत राहते. मात्र वरच्या मजल्याच्या छज्जावर उतरून हे काम स्वतः करू नये. पट्टा, दोर व सवय असलेल्या माणसाचेच ते काम आहे.

गच्चीवरचा बोजा

पुण्यातील बहुसंख्य जुन्या इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांचे तुकडे उतारात बसवून त्यावर सिमेंटचा घोटीव थर द्यायचा, ही पद्धत चांगली टिकते. मात्र उतार मीटरमागे किमान एक सेंटिमीटर हवा आणि कठड्याच्या कडेने दिलेल्या गोलसर वाटा अखंड हव्यात. कोबा जुना झाला, की त्यावरच दुसरा कोबा घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दहा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो भरते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर म्हणजे सुमारे २० टन नवा बोजा, तोही मुळात तेवढ्यासाठी न आखलेल्या स्लॅबवर. जुना थर काढल्याखेरीज आणि अभियंत्याला विचारल्याखेरीज असा निर्णय सोसायटीने घेऊ नये.

सभासदांनी करण्याजोगे काम निराळे आहे. वळवाची सर थांबल्यावर अर्ध्या तासाने खडू घेऊन गच्चीवर जावे आणि जेथे पाणी साचले असेल, त्या डबक्यांभोवती रेघ ओढावी. पन्हळी व गच्चीच्या जाळ्या पाने काढून मोकळ्या कराव्यात. कोब्यावर छिन्नीच्या दांड्याने ठोकत फिरले असता पोकळ आवाज येणाऱ्या जागांवरही खूण करावी. असा आराखडा हाती असला, की कंत्राटदाराशी बोलणे सोपे होते आणि न लागणारे काम टळते.

खर्च कोणाचा, हा वाद आदर्श उपविधींनी बराचसा सोडविलेला आहे. पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्या, तसेच गच्चीतून पाणी झिरपून खराब झालेले वरच्या मजल्याचे छत व त्याचा गिलावा यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. सदनिकेतील मोरी, सिंक व शौचालय यांतून होणारी गळती ज्याच्या घरात आहे, त्या सभासदाने स्वखर्चाने थांबवायची असते.

येथे हात आवरावा

छताचा गिलावा पडून आतली गंजलेली सळई उघडी दिसली, तर हौशी दुरुस्तीचा विषय संपला. गंजताना लोखंड फुगते व भोवतीचे काँक्रीट फोडते. त्यावर साधा गिलावा थापला, की सळई दिसेनाशी होते, गंज मात्र चालूच राहतो आणि पुढचा पोपडा अधिक जड पडतो. बाळाचा पाळणा किंवा पलंग अशा छताखालून तातडीने हलवावा. बांधकामाला ३० वर्षे पूर्ण झाल्यावर इमारतीची संरचनात्मक तपासणी करून स्थैर्याचा दाखला महापालिकेला सादर करण्याची तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ मध्ये आहे. मार्केट यार्डाच्या परिसरातील कितीतरी सोसायट्यांनी हे वय ओलांडले आहे.

पंख्याच्या हुकाजवळून पाणी ठिबकणे किंवा ओल्या भिंतीतील बटणाला झिणझिण्या येणे, ही तर थेट जिवावरची बाब. प्रथम मुख्य स्विच बंद करावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी घरात नसेल, तर रंगाआधी तो बसवावा. असेल, तर त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही, ते पाहावे.

सामानासाठी या भागातील रहिवाशांना फार लांब जावे लागत नाही. हत्यारे, खिळे, कडी-कोयंडे बोहरी आळीत, लाकूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये आणि विजेचे साहित्य तपकीर गल्लीत मिळते. सिमेंट घेताना पिशवीवरील उत्पादनाचा आठवडा वाचावा. तीन महिन्यांहून जुने सिमेंट दमट हवेत आपली ताकद गमावू लागते. सुटे सिमेंट घेणे टाळावे, कारण त्याचे वय कळत नाही. नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे आणि तो पुरता वाळेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, रंग थांबवावा. गिलाव्याचे काम एप्रिलमध्ये झाले नसेल, तर रंगकाम सरळ दसऱ्यापर्यंत पुढे ढकललेले बरे.