तान्ह्या मनाची मोजपट्टी

१९५६ साली दिल्लीत, पहाडगंजपासून जवळच, केवळ बालकांसाठी कलावती सरन रुग्णालय सुरू झाले. तापलेल्या बाळासाठी तापमापक होता. पण नजरेला नजर न देणाऱ्या, हाकेला वळून न पाहणाऱ्या बाळाची पारख कशाने करावी? बाळ स्वतः सांगू शकत नाही आणि घरातील वडीलधारी ‘बोलेल हळूहळू’ म्हणून धीर देतात. त्या धीरातच उपचाराची मोलाची वर्षे निसटतात.

तान्ह्या वयात मन आणि शरीर वेगळे काढता येत नाही. हसून दिलेला प्रतिसाद, वस्तूमागे फिरणारी नजर, पहिले शब्द याच मनाच्या खुणा. त्या केव्हा दिसाव्यात, याचे आडाखे मात्र पाश्चात्त्य बालकांवरून बांधलेले होते. ही उणीव बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी ओळखली. नॅन्सी बेली यांच्या अमेरिकी श्रेणीचा आधार घेऊन त्यांनी बडोद्यातील बाळांच्या निरीक्षणावर भारतीय मानके उभी केली. अडीच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीची ही श्रेणी १९७० साली सिद्ध झाली. १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली.

पण ती वापरण्यास प्रशिक्षित तज्ज्ञ आणि पुरेसा वेळ लागे. म्हणून १९९१ साली तिरुवनंतपुरम येथे बडोद्याच्या मानकांतूनच १७ बाबी निवडून एक तक्ता तयार झाला. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडची एखादी बाब बाळाला जमत नसेल, तर पुढील तपासणी करायची. अंगणवाडी सेविकेलाही हे काही मिनिटांत साधते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि विकासातील विलंबाचा शोध हा शासकीय आरोग्यसेवेचा भाग ठरला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि पुढील उपचारांसाठी जिल्हास्तरावर केंद्र, अशी ही योजना आहे.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. तक्त्यात मागे राहिलेले प्रत्येक बाळ आजारी नसते. आणि या तक्त्यातून सुटलेले बाळ स्वमग्न नाहीच, असेही म्हणता येत नाही. स्वमग्नतेसाठी स्वतंत्र चाचण्या लागतात. शिवाय शंका नोंदवून पालकांना वाऱ्यावर सोडले, तर त्यांच्या पदरी केवळ भीती पडते. बाळाला त्याच्याच मातीतल्या मापाने मोजावे, हे बडोद्याने शिकवले. मोजल्यावर त्याचा हात सोडू नये, ही पुढची जबाबदारी आपली आहे.