‘रायट ॲक्ट’ वाचणें

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांस ‘रायट ॲक्ट वाचणें’ हा वाक्प्रचार ओळखीचा आहे. बाप मुलावर संतापला किंवा साहेबानें कारकुनाला खडसावलें, कीं त्यानें ‘रायट ॲक्ट वाचला’ असें म्हणतात. मराठींत याला ‘हजेरी घेणें’ म्हणतां येईल. तोहि कचेरींतला शब्द घरांत आलेलाच आहे. परंतु इंग्रजी वाक्प्रचारामागें एक खराखुरा कायदा आहे, आणि तो ज्यांच्यापुढें वाचला जाई त्यांच्या दृष्टीनें ती नुसती कानउघाडणी नव्हती.

सन १७१४ मध्यें हॅनोव्हर घराण्याचा पहिला जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला. अनेकांना तें रुचलें नाहीं. ठिकठिकाणीं दंगे झाले, आणि १ ऑगस्ट १७१५ पासून दंग्यांविषयींचा हा कायदा अमलांत आला. बारा किंवा अधिक माणसें दंगा करण्यास जमलीं, तर मॅजिस्ट्रेटनें तेथें जाऊन राजाच्या नांवाचा एक छोटा जाहीरनामा मोठ्यानें वाचावा. वाचन झाल्यावर एक तासाची मुदत. त्यानंतरहि जे हलणार नाहींत त्यांना देहान्त शासन. आणि त्यांना पांगवतांना कोणी मेला, तर पांगवणाऱ्यांवर दोष नाहीं.

त्यामुळें अक्षर न् अक्षर वाचणें भाग होतें. शेवटचे ‘देव राजाचें रक्षण करो’ एवढेच शब्द गाळले गेले म्हणून १८३० च्या एका खटल्यांत या कायद्याखालील आरोप टिकला नाहीं! उलट, न वाचणेंहि महागांत पडे. १७८० च्या गॉर्डन दंग्यांत लंडन जळत असतां मेयर ब्रॅकली केनेट यानें तो वाचला नाहीं, म्हणून पुढें त्याच्यावर खटला होऊन तो दोषी ठरला.

पण वाचलेलें ऐकूं कोणाला जावें? १६ ऑगस्ट १८१९ रोजीं मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानांत पार्लमेंटांत प्रतिनिधित्व मागण्यासाठीं सुमारें साठ हजार लोक जमले होते. त्यांत बायका होत्या, मुलें होतीं. कायदा वाचला, असें मॅजिस्ट्रेट म्हणाले. आपण तो ऐकलाच नाहीं, असें जमावांतील अनेकांनीं सांगितलें. वाद तेवढाच असता तर गोष्ट वेगळी. परंतु तासाची मुदत संपण्याची वाटहि कोणी पाहिली नाहीं. घोडेस्वार तरवारी घेऊन गर्दींत शिरले. सुमारें अठरा माणसें प्राणास मुकलीं, शेंकडों घायाळ झालीं.

१८३७ मध्यें देहान्त शासन गेलें, कायदा राहिला. ३१ जानेवारी १९१९ रोजीं ग्लासगोच्या जॉर्ज चौकांत, आठवड्याचे चाळीसच तास काम असावें म्हणून संप करणाऱ्या कामगारांपुढें शेरीफ तो वाचूं लागला, तेव्हां जमावानें त्याच्या हातांतला कागदच हिसकावून घेतला. अखेर १९६७ च्या कायद्यानें त्याचा अंमल संपविला आणि १९७३ मध्यें तो कायद्यांच्या पुस्तकांतून काढून टाकण्यांत आला. घरगुती अर्थ मात्र लोकांनीं तो जिवंत असतांनाच त्याला देऊन ठेवला होता.