रजा संपवून पुन्हा सीमेवर निघणं जवानाला जड का जातं?

गणपतीला रत्नागिरीत आलेला चाकरमानी विसर्जनानंतर मुंबईची गाडी पकडतो, ती शिमग्याला परत येण्याच्या हिशेबानेच. रजेवर आलेल्या जवानाला असा शब्द देता येत नाही. सैन्यात जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. मात्र ती कधी मिळणार, हे युनिटच्या गरजेवर ठरतं.

पायदळाच्या पलटणी आलटून पालटून 'पीस' आणि 'फील्ड' भागात जातात. पीस ठाण्यात क्वार्टर मिळालं तर बायको-मुलं सोबत राहू शकतात. फील्डमध्ये नाही. म्हणून नव्या बदलीचा आदेश आला की पुन्हा दोन घरं होतात.

सवयीने हे सोपं होत असेल, असा समज आहे. तो फारसा खरा नाही. पहिल्या वेळी जवान एकटा असतो. पुढे लग्न होतं, मुलं होतात, आईवडील थकतात. बाबांना ओळखायला लागलेलं मूल मागे ठेवून निघणं वेगळंच.

निघण्याआधीच्या दिवसांत घरात क्षुल्लक कारणांवरून भांडणं होतात, याचंही अनेकांना कोडं पडतं. अमेरिकी नौदलातल्या कुटुंबांबद्दल कॅथलीन लोगन यांनी १९८७ साली लिहिलेल्या लेखात याचं वर्णन आहे. ताटातूट जवळ आली की माणसं मनाने आधीच थोडी दूर होऊ लागतात, आणि रागावून निरोप देणं रडून निरोप देण्यापेक्षा सोपं वाटतं. प्रेम आटल्याची ही खूण नव्हे.

कोकणात याला व्यवहाराची जोड असते. पावसाआधी कौलारू घराची शाकारणी कोण करणार? सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर दहा नावं, त्यात वाद असला तर तारखेला कोण जाणार? मनातली निम्मी धास्ती बहुधा इथली असते, आणि तिच्यावर काही प्रमाणात उपाय आहे. भारतीय सैनिक (खटले) कायदा, १९२५ नुसार युद्धजन्य परिस्थितीसारख्या विशेष सेवेत असलेल्या सैनिकाचा दिवाणी किंवा महसुली दावा स्थगित ठेवता येतो. सैनिक आपल्या जिल्ह्यातला असेल, तर जिल्हाधिकारीही तसं न्यायालयाला कळवू शकतात. घरच्यांच्या इतर अडचणींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे जवानाची पत्नी किंवा आईवडीलही जाऊ शकतात. त्यासाठी त्याच्या पुढच्या रजेची वाट पाहावी लागत नाही.