पंधरा वर्षांचा दाखला

मागच्या जूनमध्ये मोशीहून एक पालक घरी आले. चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर. मुलगी बारावी झालेली, नर्सिंगच्या प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र हवं होतं. खिडकीवरच्या माणसानं महाराष्ट्रातल्या सलग पंधरा वर्षांच्या रहिवासाचे पुरावे मागितले होते. "सर, बच्ची चालीस दिन की थी तब से इधरीच है," ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

अडचण जन्मठिकाणाची होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. आई बाळंतपणाला भालकीला गेली आणि चिल्ला झाल्यावर बाळ घेऊन परत आली. शाळेच्या दाखल्यावर मात्र कायमचं लिहिलं गेलं : जन्मठिकाण भालकी, जिल्हा बिदर, राज्य कर्नाटक.

मी उदगीरचा. मला हा दाखला काढताना अशी अडचण आली नाही. पण माझे आजोबा आणि या मुलीचे पणजोबा एकाच जिल्ह्याचे रहिवासी होते. १९५६पर्यंत उदगीर आणि भालकी हे दोन्ही तालुके हैदराबाद संस्थानच्या, पुढे हैदराबाद राज्याच्या, बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात आले, उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२मध्ये लातूर जिल्ह्यात गेले. भालकी म्हैसूर राज्यात राहिली. माणसं जागची हलली नाहीत, त्यांच्यामधून रेघ गेली.

आजोबा तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक उर्दू कागद जपून ठेवलेला आहे. ते मुलकी असल्याचा दाखला. लहानपणी मला वाटायचं, ही जमिनीची सनद असावी. मराठीत आपण 'मुलकी' म्हणजे महसुली किंवा बिगरलष्करी असं समजतो. निजामाच्या राज्यात त्याचा अर्थ वेगळा होता. मुलकी म्हणजे या मुलखाचा, गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. सरकारी नोकरीचा दरवाजा या एका शब्दावर उघडायचा किंवा बंद व्हायचा.

हा शब्द एवढा वजनदार का झाला? पहिले सालारजंग यांनी एकोणिसाव्या शतकात संस्थानचा कारभार नव्या पद्धतीनं लावला, तेव्हा इंग्रजी कारभाराची माहिती असलेली माणसं उत्तर हिंदुस्थानातून बोलावली. मग त्यांनी आपल्या ओळखीची माणसं आणली. पुढे फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली आणि बाहेरून आलेल्यांना ती आधीच सफाईनं येत होती. मोठ्या जागा त्यांच्याकडे, स्थानिक माणूस खाली. त्या असंतोषातून मुलकी नियम आले. १९१९मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानं त्यांना पक्कं रूप मिळालं.

नियम साधे होते. जन्मानं संस्थानची प्रजा असलेला माणूस मुलकी. मुलकी पुरुषाची पत्नी मुलकी. बाहेरून आलेल्यानं किमान पंधरा वर्षं संस्थानात कायमचं राहायचं, आणि आपल्या मूळ गावी परतण्याचा विचार सोडला आहे असं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करायचं, म्हणजे तोही मुलकी.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या नियमानुसार उदगीरचा मराठी बोलणारा हिंदू मुलकी होता आणि लखनौचा मुसलमान गैरमुलकी. निजामशाहीचा इतिहास केवळ हिंदू-मुसलमान अशा दोन रकान्यांत मांडणाऱ्यांना हा तपशील अडचणीचा वाटतो. १९३०च्या दशकातल्या मुलकी चळवळीत दोन्ही धर्मांची माणसं होती. नियमानं सगळ्यांचं भलं झालं असं मात्र नाही. कचेरीची भाषा उर्दू असल्यानं मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारा मुलकी कागदावर पात्र असूनही बरेचदा बाहेरच राहिला.

१९४८नंतर बाहेरून अधिकारी आले आणि तक्रार पुन्हा पेटली. बोगस मुलकी दाखले वाटले जात आहेत, हा मोठा आरोप होता. सप्टेंबर १९५२मध्ये हैदराबादच्या सिटी कॉलेज परिसरात आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे संसदेनं १९५७मध्ये कायदा करून सरकारी नोकरीसाठीच्या रहिवासाच्या अटी बहुतेक ठिकाणी रद्द केल्या, तेलंगणाला सवलत ठेवली. तिथं हा वाद १९७३च्या ३२व्या घटनादुरुस्तीपर्यंत पोचला. मराठवाड्यात मात्र मुलकी दाखला पेटीतला जुना कागद झाला.

पंधरा वर्षांचा आकडा मात्र आजही खिडकीवर भेटतो. १९८४च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास ही कल्पना चुकीची आहे. तरी रहिवासावर आधारलेल्या शैक्षणिक जागा त्यानं पूर्णपणे नाकारल्या नाहीत. जानेवारी २०२५मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशापुरतं असं आरक्षण घटनाबाह्य ठरलं. बाकी ठिकाणी दाखला चालूच आहे.

स्थानिकांना आधी संधी मिळावी, ही मागणी मला खोटी वाटत नाही. कारखान्यांसाठी जमिनी गेलेल्या चाकणच्या घरांतल्या मुलांना तसं वाटणारच. माझ्या आजोबांची नोकरीही त्याच मागणीवर उभी होती. पण रहिवास सिद्ध करायचा कशानं? या पट्ट्यात पंधरा वर्षांत माणूस सहा खोल्या बदलतो. वीजबिल मालकाच्या नावावर. भाडेकरार अकरा महिन्यांचा, तोही केला तर. मुसलमान नाव ऐकून खोलीच न देणारे वेगळेच. ठेकेदार बदलला की ओळखपत्र बदलतं. ज्याच्या नावावर घर आहे त्याला पुरावा सोपा, आणि ज्याला दाखल्याची खरी गरज त्याच्याकडे कागद नाही.

आम्ही दोन संध्याकाळी त्यांच्या पिशवीतले कागद लावत बसलो. पहिलीपासूनचे शाळेचे पुरावे होते, त्याआधीची वर्षं मोकळी होती. शेवटी मुलीच्या आईनं कपाटातून लसीकरणाचं कार्ड काढलं. महापालिकेच्या दवाखान्याचं, घडीवर फाटलेलं. दीड महिन्याच्या डोसपासून प्रत्येक तारीख आणि शिक्का. त्यावर अर्ज मार्गी लागला. दाखला हातात आला तेव्हा प्रवेशाची पहिली फेरी उलटली होती. दुसऱ्या फेरीत तिला घरापासून लांबचं कॉलेज मिळालं. ती आता तिथं शिकते आहे.

तेव्हापासून पालकसभेत मी अभ्यासाआधी एक गोष्ट सांगतो : लसीचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, जुना भाडेकरार, काहीही टाकू नका. आजोबांचा कागद मी त्यांना दाखवतो. उर्दू वाचता येणारी मुलं तो मोठ्यानं वाचतात आणि विचारतात, "सर, तुमचे आजोबा तर तिथलेच होते ना, मग त्यांना दाखला कशाला लागला?"